कवळ

एकोणीसशे एकोणतीस साली, शिमगा तोंडावर आलेला असताना, रखमाचा नवरा कुशाबा ऐनाच्या झाडावरून पडला.

आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या त्या वाडीत त्या दिवसांत सगळे पुरुष झाडांवरच असत. भाताचं रोप जिथं काढायचं, तिथं शेण, तोडलेल्या फांद्या आणि पाचोळा पसरून जाळायचा, तो राब. राबाच्या राखेशिवाय भात होत नाही, यावर वाडीत कुणाला शंका नव्हती. जवळची झाडं केव्हाच बोडकी झाली होती, म्हणून फांद्यांसाठी, म्हणजे कवळासाठी, कड्यापर्यंत जावं लागे. तिथंच कुशाबाच्या पायाखालची फांदी मोडली. पोलादपूरच्या वाटेवर डोलीतच तो गेला.

दिवसकार्य उरकेपर्यंत राब जाळायची वेळ टळत आली. धाकटा दीर भागोजी मान खाली घालून म्हणाला, "वयनी, माजंच कवळ अपुरं हाय." ते खोटं नव्हतं. मग कुशाबाने तोडून ठेवलेल्या फांद्या रखमाने एकटीने ओढून आणल्या. निम्म्या जागेलाही त्या पुरल्या नाहीत. पसरताना ती रडली नाही, पण त्या पेटल्यावर तिला तिथं उभं राहवेना.

"एवढ्याशा राबात काय व्हनार?" सासू ठमाबाई म्हणाली. "पोरांना माती खायला घालतेस काय?"

रोप थोडंच निघालं. बाकीच्या बाया मूठमूठ रोप चिखलात खोवत होत्या. रखमाला तसं करून चालणार नव्हतं. तिने मुठी सोडवल्या, दोन-तीन काड्या धरल्या आणि लांब लांब लावत गेली. दुसरा इलाजच नव्हता. शेजारच्या बांधावरून भागोजीची बायको आवडी हसली, "बाय, लावणी हाय की टकल्याचं डोकं?"

श्रावणात ते शेत उघडंबोडकं दिसे. ठमाबाईने त्या वाटेने जायचं सोडलं. भादव्यात मात्र एकेका काडीला फुटवे आले, झुबके भरदार झाले, लोंब्या वाकल्या. झोडणी झाली आणि कणगी गेल्या सालाइतकीच भरली.

ठमाबाईने कणगीत हात घातला. "गेल्या साली बी एवढंच व्हतं."

"व्हय, आत्याबाय." नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच रखमाला जरा बरं वाटलं.

"मग माजा पोर वर कशाला चडला गो?"

कापणी करताना हाच प्रश्न रखमाच्या मनात आला होता, तो तिने तिथंच दाबला होता.

"बोल ना! एवढ्यात पिकतं, तर कशाला चडला?"

"मला तरी कुठं ठावं व्हतं?"

"नसतं पिकवलंस तर बरं झालं असतं!" म्हातारी म्हणाली. त्याच संध्याकाळी ती वळकटी घेऊन भागोजीकडे राहायला गेली.

पुढच्या शिमग्याला भागोजीने कोयता घेतला, तशी रखमा त्याच्या अंगणात जाऊन आडवी उभी राहिली.

"भावोजी, नका जाऊ. निम्म्या राबात भागतं."

"एक साल पाऊस बरा लागला, वयनी. त्याच्या जिवावर पोरं उपाशी ठेवू?"

रखमाने दारातल्या सासूकडे पाहिलं. आईचा एक शब्द भागोजीने मोडला नसता. पण त्याला अडवायचं म्हणजे थोरला फुकट गेला हे कबूल करायचं. ठमाबाईने पदर तोंडात धरला आणि ती आत गेली.

त्या साली भागोजी धड खाली उतरला. पुढच्या साली पडला. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं.

पावसाळ्यात आवडी थोडंसं रोप घेऊन रखमाच्या बांधावर आली. तिचे डोळे सुजले होते.

"किती काड्या धरायच्या, बाय?"

रखमाने आवडीच्या हातातली मूठ घेतली, सोडवली आणि चिखलात तिच्या शेजारी वाकली.

त्या साली आवडीकडेही भात नेहमीइतकंच झालं. नव्या तांदळाचा पहिला भात शिजला तेव्हा खाटेवरच्या भागोजीला ठमाबाईने आपल्या हाताने भरवला. मग ती स्वतः जेवायला बसली आणि कुणाकडे न बघता एकेक घास गिळत राहिली.