रॉकेल मारलेली मेजवानी

विनोदी नट तिलिचेसच्या सिनेमात मेजवानीचा प्रसंग आहे आणि त्यातलं मोले, मिरच्या-कोकोच्या दाट रश्श्यातली टर्की, आपल्या हातचं हवंय, हे कळल्यावर होविताचे पाय जमिनीला लागेनात. स्टुडिओच्या भटारखान्यात तिला तीन वर्षं झाली होती. रोजचं काम म्हणजे घेवडा शिजवायचा आणि मक्याच्या तोर्तिया भाजायच्या. तिच्या पुएब्ला गावच्या मोलेची कुणाला आठवण होईल असं तिला वाटलं नव्हतं.

आणि तेही तिलिचेससाठी. ठिगळांची विजार, पट्ट्याऐवजी सुतळी, टोपीला वर भोक. हा फाटका माणूस पडद्यावर तोंडाची टकळी सुरू करायचा आणि सावकार, फौजदार, बंगलेवाले सगळे गोंधळून आपल्याच पायात पाय अडकून पडायचे. गल्लीतली माणसं त्याला ‘आपला’ म्हणत. होविताचा नवरा ट्रामखाली गेला, त्यानंतर ती मोकळं हसली असेल तर ती याच माणसाच्या सिनेमाला.

तिने मन लावून केलं. अकरा टर्की, तीन जातींच्या मिरच्या, तीळ, बदाम, कोको. मिरच्या भाजताना सगळा भटारखाना खोकत होता. वाटण तिने पाट्यावरच वाटलं, यंत्राला हात लावला नाही. दोन दिवस तिचे खांदे भरून आले होते, पण शेवटी रस्सा असा काळसर, तुकतुकीत उतरला की तिलाच स्वतःचं कौतुक वाटलं.

प्रसंग साधा होता. श्रीमंताच्या घरी बारसं असतं, तिलिचेस पाहुणा बनून आत शिरतो, फाटक उघडतो आणि गल्लीतले साठ गोरगरीब जेवणावर तुटून पडतात. दिग्दर्शकाला चेहरे खरे भुकेले हवे होते, म्हणून रेल्वे यार्डामागच्या झोपड्यांतून साठ माणसं ट्रकमध्ये भरून आणली. त्यांना बजावलं होतं की खाल्ल्यासारखं करायचं, खायचं नाही. आता, समोर टर्कीची तंगडी ठेवायची आणि खाल्ल्यासारखं कर म्हणायचं! तिसऱ्या वेळी दृश्य घेईपर्यंत टेबलं अर्धी रिकामी झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. होविता आतून पातेली भरभरून आणत होती आणि मनातून सुखावत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला निर्मिती बघणारा लांदेरोस टेबलांमधून हिंडताना दिसला. हातात ढेकूण मारायचा पंप होता. माशा झाल्या असतील, असं तिला वाटलं. मग वास आला. लांदेरोस एकेका थाळीवर रॉकेल फवारत पुढे सरकत होता. रश्श्यावर निळी-जांभळी वर्तुळं तरंगत होती.

ती धावत गेली. “अहो, काय करताय? अन्न आहे ते.”

“अन्न नाही, सामान आहे,” लांदेरोस शांतपणे म्हणाला. “खुर्च्यांसारखं. खुर्च्या कुणी खात नाही ना? आभार मानायचे तर तुझ्या तिलिचेसचे मान. ही त्याचीच युक्ती.”

तिलिचेस कोपऱ्यात आरामखुर्चीवर बसून नखं घासून घेत होता. तिचं लक्ष आपल्याकडे गेलंय हे बघून त्याने पडद्यावर मारतो तसाच डोळा मारला. लांदेरोसने तिला जाता जाता सांगितलं की साहेबांचं ताट मात्र वेगळं, आतल्या चांगल्या पातेल्यातलं वाढायचं. होविताने तोंड फिरवलं. ते रॉकेलच्या वासाने की त्या डोळा मारण्याने, तिला सांगता आलं नसतं.

त्या साठ जणांना कुणी काही सांगितलं नाही. नाकं सगळ्यांना होती; बहुतेकांनी हातात घेतलेला तुकडा हळूच परत ठेवला आणि नुसती तोंडं हलवली. नाबोर नावाच्या म्हाताऱ्या गवंड्याने तसं केलं नाही. परांचीवरून पडून त्याचा खांदा गेला होता, तेव्हापासून त्याला काम नव्हतं. आदल्या दिवशी त्याने एक तंगडी मुलीसाठी सदऱ्यात घालून नेली होती, ते होविताने पाहूनही न पाहिल्यासारखं केलं होतं. आज त्याने टर्कीचा तुकडा बाहीला पुसला आणि खाल्ला. मग आणखी एक. आणि मग, कॅमेरा चालू असतानाच, तो टेबलाच्या कडेला भडभडून ओकला.

तिलिचेस त्याच्या शेजारीच होता. तो एक क्षणही थांबला नाही. त्याने पोट धरलं, म्हाताऱ्यासारखाच वाकला, घशातून हुबेहूब तसाच आवाज काढला आणि मग मोठ्या अदबीने टेबलक्लॉथचं टोक म्हाताऱ्याच्या तोंडाशी धरलं. दिवेवाले, सुतार, रंगवाले, सगळे हसत सुटले. लांदेरोस डोळे पुसत होता. नाबोरने ओघळतं तोंड वर केलं, आपल्या शेजारी कोण आहे ते पाहिलं आणि तोही हसायला लागला.

होविताने त्याला नळावर नेलं, चूळ भरायला लावली, पाठ चोळली. त्याच्या डोक्यात मात्र भलतंच चाललं होतं.

“मावशी,” त्याने विचारलं, “मी दिसलो असेन ना त्यात?”

तिला त्याची कीव यायला हवी होती. आली ती किळस, आणि किळस आली म्हणून स्वतःचीच लाज वाटली.

पुढचं दृश्य तिलिचेसच्या जेवणाचं होतं. होविता आतल्या पातेल्याकडे गेलीच नाही. तिने टेबलावरच्या थाळीतून, जिथे रॉकेलची वर्तुळं सगळ्यात दाट होती तिथून, साहेबांचं ताट वाढलं आणि स्वतःच्या हाताने पुढे ठेवलं.

त्याने भला मोठा घास घेतला. त्याचे डोळे विस्फारले, कान मागे सरकले, गालाची एक बाजू आपोआप उडायला लागली. तो थुंकला नाही. कॅमेऱ्याच्या पलीकडे उभ्या होविताकडे त्याने पाहिलं. सगळं समजलं होतं त्याला. मग त्याने चावायला सुरुवात केली. जीभ बाहेर काढून यजमानाच्या दाढीला पुसली, परत आत घेतली, घास गिळला आणि भरल्या डोळ्यांनी घरच्या बाईसाहेबांना या पदार्थाची कृती विचारू लागला. असं लांबलचक, असं गोलगोल की हसून हसून कॅमेरावाल्याचा हात हलला.

दृश्य थांबताच तो सेटच्या मागे पळाला. ओकाऱ्यांचा आवाज आला. तोंड पुसत तो सरळ तिच्याकडे आला. होविता शिव्या खायला, नोकरी सोडायला तयार होऊन उभी होती.

“बाई, सोनं केलंत प्रसंगाचं,” तो तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. त्याच्या तोंडाला आंबट, रॉकेलचा वास होता. “कॅमेरा हलला, आणखी एकदा घ्यावं लागेल. तेवढंच रॉकेल असू द्या, कमी नको.”

“तो म्हातारा ओकला साहेब. त्याचं काय?”

तो विचारात पडला. खरंच, मनापासून. “बरोबर आहे तुमचं,” तो म्हणाला. “त्यालाही घेऊ. दोघं शेजारी शेजारी बसतो.”

होविताने त्याचा हात खांद्यावरून काढला. आत जाऊन तिने चांगलं पातेलं उचललं, तोर्तियांची टोपली काखेत मारली आणि मागच्या अंगणात त्या साठ जणांना वाढायला बसली. प्रत्येक जण घास आधी नाकाशी नेत होता. काहींनी तिच्या देखत वास घेऊन तो खाली ठेवला. आपल्या हातचं अन्न लोक हुंगून खाताहेत, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच बघावं लागलं. पातेलं रिकामं झाल्यावर ती फाटकातून बाहेर पडली ती परत गेली नाही.

मेर्सेदच्या बाजारात तिने घेवडा-तोर्तियांची टपरी टाकली. पावसाळा संपता संपता सिनेमा लागला आणि शहर वेडं झालं. तिलिचेसचं ते वाकडं तोंड भिंतींवर आलं, कॅलेंडरांवर आलं, साबणाच्या वेष्टनावर आलं. पोरंसोरं जीभ पुसत कृती विचारत फिरू लागली. होविता थिएटरच्या रस्त्याने जायचंही टाळायची.

एका सकाळी बाजारात घोळका जमला होता. मधे नाबोर होता. तो वाकायचा, पोट धरायचा, सिनेमातला तो ओकारीचा आवाज काढायचा, आणि लोक टाळ्या पिटत त्याला पुल्के दारूचा पेला द्यायचे. होविताने त्याला हाताला धरून टपरीवर आणलं, समोर ताट ठेवलं आणि हे सोंग बंद कर म्हणून बजावलं.

“मावशी, गेल्या वर्षी मी इथंच उपाशी बसायचो,” नाबोर जेवता जेवता म्हणाला. “तेव्हा कुणी ढुंकूनही बघितलं नाही.”

तिने त्याला आणखी एक तोर्तिया वाढली. तो चवीने जेवत होता, आणि तेवढ्याने तिला जरा बरं वाटत होतं. एवढ्यात घोळक्यातल्या एका हमालाने हाक मारली, की म्हातारबा, आणखी एकदा. नाबोरने तोंडातला घास तसाच ठेवून तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि पोट धरून तिच्या ताटावर वाकला.

तिने ताट ओढून घेतलं. लोक त्या ओढण्यालाही हसले.