चौथ्या आणि पाचव्या चिठ्ठीमधली जागा

मी नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या वाचनालयातला सूचनाफलक बोलतोय. अजून नीट सावरलेलो नाही, तेव्हा बोलण्यात मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. मला पाय असते तर परवाच्या रविवारी पायाखालची जमीनच सरकली असती. मी भिंतीवर खिळ्यांना लटकलेलो, म्हणून टिकलो.

माझा जन्म इतवारीतल्या एका सुताराकडे झाला. लाकडी चौकट, आत टाचणी रुतेल अशी मऊ फळी, वर हिरवं कापड. हातगाडीवरून इथे आलो तेव्हा वाटलं होतं, वाचनालयात चाललोय, मोठमोठ्या गोष्टी वाचायला मिळतील. मिळाल्या सूचना. ‘शांतता राखा.’ ‘मंगळवारी पाणी येणार नाही.’ ‘काळी छत्री सापडली आहे.’ छत्री कोणाची होती, त्याने ती नेली का, काही कळायचं नाही. अशी अकरा वर्षं काढली मी.

मग नीलाताईंनी दर रविवारी कथालेखनाचा वर्ग सुरू केला. निवृत्त शिक्षिका त्या. त्यांची पद्धत अशी, की कथेतली एकेक घटना एकेका चिठ्ठीवर लिहायची आणि क्रमाने मला टोचायची. दोन चिठ्ठ्यांमध्ये लोकरीचा धागा बांधायचा, पण आधीच्या घटनेमुळे पुढची घडली असेल तरच. “एकामागून एक घडलं, एवढ्यानं कथानक होत नाही,” त्या म्हणतात. “एकामुळे दुसरं घडलं पाहिजे.”

माणसांना हे भारी जड जातं. कथेतला माणूस अडचणीत आला की हे त्याला लॉटरी लावून देतात, नाहीतर खलनायकाला ट्रकखाली घालतात. नीलाताई लोकर धरून उभ्या राहतात आणि लिहिणारा डोकं खाजवत बसतो. टाचण्या टोचायच्या, पण मला मजा यायची. खोटं कशाला बोलू?

परवा तुळसाबाईंची पाळी होती. अंगणवाडीत नोकरी करून निवृत्त झालेल्या, विधवा, कमी बोलणाऱ्या. त्यांची कथा वाचनालयाच्या वार्षिक अंकात जाणार होती, सोमवारी छापखान्यात द्यायची होती. कथा मनानंच रचली आहे, असं त्यांनी सांगितलं होतं.

पहिली चिठ्ठी: बाप मुलाच्या शिक्षणासाठी झटतो. दुसरी: मुलगा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला जातो, रोज संध्याकाळी बापाला फोन करतो. तिसरी: मुलाचा खर्च भागावा म्हणून बाप दुहेरी ड्युटी करतो. चौथी: बाप आजारी पडतो, दवाखान्यात भरती होतो. पाचवी: बाप मरतो, मुलगा पेपर देत बसतो, येत नाही. सहावी: आई त्याला मनातून काढून टाकते. मला तर त्या मुलाची चीड आली होती. काय हा पोरगा, म्हटलं.

चौथीपर्यंत धागा बांधला गेला. तिथे नीलाताई थांबल्या.

“बाप भरती झाला, त्यामुळे मुलगा आला नाही? तुळसाबाई, हे जुळत नाही. रोज फोन करणारा मुलगा आहे हा.”

“नाही आला तं नाही आला. पोरं असेच राहतात,” तुळसाबाई म्हणाल्या.

गौरांग नावाचा बँकेतला तरुण फार उत्साही आहे. “सोपं आहे काकू. बापलेकाचं भांडण टाकून द्या मधात,” म्हणाला, आणि तशी चिठ्ठी लिहून माझ्यावर टोचलीसुद्धा.

“काढ गा ते,” तुळसाबाई उठल्या. “त्याचं बापासंग एक दिवस भांडण नोतं.”

“गोष्टच आहे ना काकू.”

“गोष्ट नाही ते. माहा प्रशिक आहे तो.”

त्यांनी गौरांगची चिठ्ठी उपटली, दुसरी लिहिली आणि त्याच जागी लावली. त्यावर लिहिलं होतं, ‘आईने मुलाला कळवलंच नाही.’

मी हादरलो. इतका वेळ या बाईंचं खोटं मी छातीवर मिरवत होतो.

“प्रशिकच्या बाबानंच सांगतलं होतं, पोराचे पेपर होऊ दे,” त्या सांगू लागल्या. “तो फोन करे, मी म्हणो बाबा झोपले. दुसऱ्या पेपरच्या दिवशी ते गेले. तरी नाही सांगतलं म्या. चौथ्या दिवशी तो घरी आला तं सारे नातेवाईक त्याच्यावर तुटून पडले. बाप मेला अन् हा पेपर सोडवत होता म्हणे. मी तिथंच बसून होती. एक शब्द नाही बोलली.”

“आणि नंतर?” नीलाताईंनी विचारलं.

“नंतर सहा वर्षं हेच सांगत फिरली. मंग मलेबी तेच खरं वाटाले लागलं.”

मोनाली, वर्गातली कॉलेजची मुलगी, हळूच म्हणाली, “पण काकू, त्यानं काहून नाही सांगतलं सगळ्यायले?”

तुळसाबाईंनी माझ्यावरची नवी चिठ्ठी पुन्हा वाचली. कोणी त्यांना हे कधी विचारलंच नसावं.

“मले बोल लागू नये म्हणून वं,” त्या म्हणाल्या.

मग धागा त्यांनी स्वतः बांधला. चौथीपासून नव्या चिठ्ठीला, नव्या चिठ्ठीपासून पाचवीला. सहावीला बांधायला गेल्या, तो जुळेना. ती त्यांनी काढून फाडली आणि तिथेच उभ्या राहून फोन लावला.

“प्रशिक, मी बोलून राहिली.”

पलीकडून त्याने काहीतरी विचारलं.

“नाही, तब्येत बरी आहे माही.”

त्याने पुन्हा विचारलं असावं.

“खरंच बरी आहे. लपवून नाही राहिली काही. ये रविवारी घरी.”

कथा छापायला गेली नाही. मी चिठ्ठ्यांसकट तसाच आहे. शेवट काय करायचा, असं नीलाताईंनी विचारलं तेव्हा तुळसाबाई म्हणाल्या, “तो मी नाही लिहू शकत, तो त्याचा आहे.” येत्या रविवारी प्रशिक नागपूरला येतोय. तोवर माझ्या उजव्या कोपऱ्यात, पाचव्या चिठ्ठीच्या पुढे, कृपा करून कोणी काही टोचू नका.