लांब पाईपचा टँकर

डिझेलच्या डेपोतून कुठला टँकर कुणाकडे जायचा, हे बावीस वर्षं ताईच ठरवत होत्या. माणसांविषयी त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. गिऱ्हाइकं टाकी तळाला गेल्याशिवाय फोन करत नाहीत आणि मग आत्ताच्या आत्ता हवं म्हणून बोंबलतात. ड्रायव्हर ‘पोचलोच’ म्हणतात तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप असतो. तरी या सगळ्यांना त्यांनी सांभाळून घेतलं होतं. जावईबापूंना मात्र नाही.

जावईबापू म्हणजे मालकांचे जावई. दोन महिन्यांपूर्वी मॅनेजर होऊन आले, आयत्या बिळावर नागोबा. टँकरचं झाकण कुठे असतं ते ठाऊक नाही, पण भिंतीवर हा भलामोठा स्क्रीन लावून घेतला. आता टँकर तो ठरवणार! ताईंनी पहिल्याच दिवशी एक बदल सुचवला, तर सगळ्यांसमोर म्हणाले, “मॅडम, विचारल्याशिवाय सांगत जाऊ नका.”

ते शब्द ताईंनी दोन महिने जपून ठेवले होते.

त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. दुपारी डायलिसिस केंद्राच्या सिस्टरांचा फोन आला. जनरेटरमध्ये तासाभराचंच डिझेल उरलं होतं. स्क्रीनने चार नंबरचा टँकर निवडला. केंद्राची टाकी इमारतीमागे, अरुंद बोळाच्या टोकाला. तिथवर फक्त जुन्या सात नंबरचा पाईप पोचायचा. स्क्रीनला हे ठाऊक नव्हतं, ताईंना पाठ होतं; त्यांना असलं सगळं पाठ असतं, हे ऑफिसातले तिघे कारकूनही जाणून होते. आणि सात नंबर डेपोतच रिकामटेकडा उभा होता.

“चार नंबर सोडू ना?” त्यांनी मुद्दाम मोठ्याने विचारलं.

“स्क्रीनवर दिसतंय ना? मग विचारताय काय?”

घोडामैदान जवळच होतं. ताईंना आतून गुदगुल्या होत होत्या.

पाऊण तासाने ड्रायव्हरचा फोन आला, “ताई, पाईप बारा फूट कमी पडतोय.” जावईबापूंचा चेहरा उतरला. ताईंनी तो डोळे भरून पाहिला आणि मगच सात नंबर सोडला.

तो पोचायच्या आत जनरेटर बंद पडला. फोनवर सिस्टर धापा टाकत होत्या. “सहा जण मशीनवर आहेत, ताई. पंप हाताने फिरवून रक्त परत अंगात घालतोय. खरं तर दुपारच्या पेशंटना मी मशीनला लावणारच नव्हते. पण म्हटलं, फोन ताईंनी घेतलाय, मग काळजी नाही.”

सहाही जण वाचले. एक आजी बेशुद्ध पडल्या होत्या, त्या संध्याकाळी शुद्धीवर आल्या.

ऑफिस सुटायच्या वेळी जावईबापू ताईंच्या टेबलापाशी आले. सगळ्यांचे कान टवकारले. ताईंनी दोन महिने याच घटकेची वाट पाहिली होती.

“चूक माझी आहे, ताई,” ते म्हणाले. “मला खरंच माहीत नव्हतं. तुमच्याही लक्षात आलं नसणार, नाहीतर तुम्ही बोलला असता.”

माणूस मूर्ख होता, पण खरं बोलत होता.

“नाही आलं लक्षात,” ताई म्हणाल्या.

आजूबाजूचे तिघेही कारकून मान खाली घालून, उगाचच, कागद चाळू लागले.