दिव्याभोवतीचं कडं

गाड्या लावायच्या इमारतीची गच्ची ही काही माणसांनी संध्याकाळ घालवायची जागा नव्हे. खाली सगळे मजले पेट्रोलच्या वासाचे, वर पाण्याच्या टाक्या आणि दिवसभर तापलेलं सिमेंट. पण दिवस मावळला की चाळीसेक भली माणसं घरून घडीच्या खुर्च्या काखोटीला मारून तिथं यायची आणि माना वर करून बसायची. कशासाठी, तर परग्रहावरचं यान दिसावं म्हणून. आणि या सगळ्यांच्या पुढे, मधोमध, हातांच्या एकुलत्या एक खुर्चीवर कोण बसायचं, तर चष्मेवाल्याची बायको.

चष्मेवाला स्वतः मागे कठड्याला टेकून उभा. एका हातात तिची शाल, दुसऱ्यात चहाचा थर्मास, खिशात तिचा जादा चष्मा. त्याला बसायला कुणी सांगत नसे आणि तोही बसत नसे.

"आलं," ती म्हणायची. फार हळू म्हणायची, पण चाळीस माणसं एकदम चिडीचूप व्हायची.

"कुठं, ताई?"

"टॉवरच्या वर. कडं पडलंय बघा भोवती. आत निळं, मग हिरवं, पिवळं, आणि बाहेरून तांबडं."

बाकीच्यांना नुसता सरकणारा दिवा दिसायचा. साधा, पांढरा, विमानाचा असतो तसा. पण मलाच दिसत नाही असं चारचौघांत कोण कबूल करणार? एकेक जण डोळे बारीक करायचा, आणि थोड्या वेळानं दोघातिघांना थोडंसं निळं दिसायलाही लागायचं.

या सगळ्याचा कर्ताधर्ता अँटेना. उंच, हडकुळा, हात कोपरापासून बाहेर फेकलेले, म्हणून हे नाव. पूर्वी केबलचा धंदा होता. तो बसल्यावर त्यानं मोबाईलवर आकाशातल्या पाहुण्यांचं चॅनल काढलं. लबाड नव्हता बिचारा. लबाड असता तर बरं झालं असतं, त्याला पकडता तरी आला असता. त्याचा मनापासून विश्वास होता, आणि मनापासून विश्वास ठेवणाऱ्या माणसाचं कुणी काही वाकडं करू शकत नाही. बंद पडलेल्या गिरणीच्या धुराड्यावर तरंगणारा एक दिवा त्यानं टिपला आणि सगळं गाव माना वर करून हिंडायला लागलं. दूधवाला, बँकेतले साहेब, शाळेतल्या बाई, सगळेच. भुताटकीच्या गोष्टी सांगणाऱ्यांनाही ऊत आला. कुणाच्या जिन्यावर पावलं वाजायची, कुणाचं घड्याळ आपोआप थांबायचं. पूर्वी घड्याळ थांबलं की लोक सेल बदलत.

चष्मेवाल्याची बायको त्या गर्दीत गेली ती निव्वळ रिकामपणामुळे. तिचं काम रफूचं. दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात बसून सिगारेटनं जळलेला कोट, उंदरानं कुरतडलेली शाल, कसलंही भोक ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतला धागा काढून असं विणून टाकायची, की विणणाऱ्यालाही जागा सापडू नये. पण या कामाचं एक दुखणं आहे. ते चांगलं झालं की दिसतच नाही. गिऱ्हाईक कोट उलटापालटा करायचं आणि विचारायचं, यात तुम्ही केलंत काय? ती हसून गप्प बसायची. मग लोकांनी फाटलेलं सांधायचं सोडूनच दिलं, टाकून नवं आणायला लागले. आणि त्याच सुमाराला सुईत दोरा जाईना.

"नंबर वाढलाय," चष्मेवाला म्हणाला. नवी काच घासून दिली. थोडे दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. संध्याकाळ झाली की तिचं भुवईच्या वर ठणकायचं. "नंबर वाढलाय," तो पुन्हा म्हणाला आणि पुन्हा काच घातली, या खेपेला हलकी फ्रेम, नाकावर वळ उठू नयेत म्हणून. प्रेमानंच केलं सगळं. चष्मेवाल्याला बायकोसाठी दुसरं काय करता येणार.

तर गच्चीवर, पहिल्याच संध्याकाळी, ती आपली सहज बोलून गेली, "याला रंगीत कडं आहे की." अँटेनानं ते ऐकलं आणि तो जागच्या जागी वळला.

"परत सांगा ताई, काय दिसतंय?"

तिनं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नजरेतून आलेली गोष्ट लोक कान देऊन ऐकत होते. त्या दिवशी जिना उतरताना तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. चष्मेवाल्यानं तिची थट्टा केली, "आता परग्रहावरची गिऱ्हाइकं आण, त्यांना डोळे जास्त असतात म्हणे." तीही खळखळून हसली. बऱ्याच वर्षांत ती तशी हसली नव्हती, म्हणून तो पुढे काही बोलला नाही.

मग एका संध्याकाळी दुकानात वीज गेली. त्यानं मोबाईलची बॅटरी लावून काउंटरवर ठेवली. मागच्या खोलीतून ती बाहेर आली आणि म्हणाली, "अगंबाई, याला सुद्धा कडं. तुमच्या मोबाईलवर पण उतरले वाटतं ते."

हे वाक्य त्यानं काउंटरच्या पलीकडून कितीदा ऐकलं होतं. दिव्याभोवती रंग दिसतात असं कुणी म्हटलं की तो फ्रेम दाखवायचाच नाही. आधी डॉक्टर, आजच्या आज, असं दटावून पाठवायचा. परक्या माणसांना तो दटावत आला, आणि घरच्या माणसाला काचांवर काचा घालत राहिला. बायकोचं ऐकताना त्याचे कान कुठं गेले होते कोण जाणे.

डॉक्टरीणबाई ओळखीच्या होत्या. त्यांनी तपासलं, पुन्हा तपासलं आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"काचबिंदू आहे. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट अरुंद झालीय, म्हणून प्रेशर चढतं. अंधारात बाहुली मोठी होते, वाट आणखी बंद होते. तेव्हाच दिव्यांना कडी दिसतात. अंधारात बसता का फार?"

"रोज संध्याकाळी, गच्चीवर," चष्मेवाल्यानं सांगितलं.

"ते बंद. उजव्या डोळ्याची कडेची नजर गेलीय. गेली ती परत येत नाही. उरलेली राखता येईल. तोवर थेंब घाला, आणि पुढच्या आठवड्यात लेझरनं बारीकसं भोक पाडू, पाण्याला वाट मिळेल." मग त्यांनी टेबलावरचे तिचे चष्मे एकेक उचलून पाहिले. "एवढे नंबर बदलले कुणी?"

चष्मेवाला आपल्या बुटांकडे बघत राहिला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "जन्मभर लोकांची भोकं बुजवली, आणि आता स्वतःला पाडून घेऊ होय." त्याला वाटलं, थट्टा करतेय म्हणजे धीर आहे.

थेंब लागू पडले, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. कडी गेली. ठणका गेला. दिवे दिव्यांसारखे दिसायला लागले. डॉक्टरीणबाईंचं न ऐकता ती गच्चीवर गेलीच, आणि लोक विचारू लागले, "ताई, आलं का?" टॉवरवरून दिवा सरकत गेला. पांढरा, एकटा. ती बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. अँटेना गोड बोलला. "ताई, दडपण घेऊ नका. त्यांचं पण काही असेल." पण हातांची खुर्ची हळूहळू बाजूला सरकली. मधल्या जागी बँकेतल्या एक बाई आल्या. त्यांच्या म्हणे कानात सारखं गुणगुणायचं. चाळीस माणसं आता त्यांच्या कानाकडे बघत गप्प बसली.

ती पुन्हा मागच्या खोलीत बसायला लागली. सुई नाही, कापड नाही, नुसती खिडकी. चष्मेवाला मधूनमधून डोकावायचा. चहा ठेवू का, विचारायचा. "ठेवा," ती म्हणायची, आणि तो चहा तसाच निवून जायचा. लेझरची तारीख तिनं पुढे ढकलली, आणि मग आणखी पुढे. सर्दी आहे, अंग मोडून आलंय, काहीही. थेंब मात्र घालते म्हणाली. स्वतःच घालते, मी काय कुक्कुलं बाळ आहे.

आणि एक दिवस ती एकटीच गच्चीवर गेली आणि परत आली ती दुसरीच बाई होऊन. चेहरा फुललेला, चालीत उड्या. "आज आलं. मोठं होतं. अँटेनानं सगळ्यांसमोर माझी माफी मागितली." त्यानं ऐकून घेतलं. जेवताना तिनं भुवईवर अंगठा दाबून धरलेला त्यानं पाहिला.

थेंबाची बाटली स्वयंपाकघरात फडताळाच्या वरच्या खणात असायची. एव्हाना ती संपायला हवी होती. त्यानं उचलली, हलवली. ती जवळजवळ भरलेली होती. तो ती हातात घेऊन मागच्या खोलीत गेला.

"हे काय आहे?"

तिनं बाटलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. खोटं बोलायचा तिनं प्रयत्नही केला नाही.

"अहो, मला काय दुधखुळी समजता? यान नाही, बिन नाही, ठाऊक आहे मला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हाच कळलं. त्याच्या आधीही थोडं कळत होतं, कडं स्वयंपाकघरातल्या दिव्याला पण यायचं की."

"मग?"

"मग काय. थेंब घातले की मी इथं बसणार. या खोलीत, चांगल्या डोळ्यांनी. काय बघू सांगा ना? भिंत बघू? तुम्ही दुकानात लोकांशी बोलता ते ऐकू?" तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून त्याला जास्त भीती वाटली. "तिथं मी बोलले की माणसं थांबतात. तुम्ही तरी कधी थांबलात? डोकं दुखतं म्हटलं की काच बदलून दिलीत."

त्यानं हात जोडले, रागावला, रडलासुद्धा. त्या दिवसापासून तो स्वतः तिच्या डोळ्यांत थेंब घालायला गेला की ती डोळे गच्च मिटून घ्यायची, आणि थेंब गालावरून ओघळून जायचे. मोठ्या माणसाच्या पापण्या जबरदस्तीनं उघडता येत नाहीत. निदान त्याला तरी आलं नाही.

शेवटी तो गच्चीवर सगळ्यांच्या पुढे उभा राहिला. ती यायच्या आधी. थर्मास खाली ठेवून त्यानं सांगितलं, ही कडी म्हणजे आजार आहे, ती आंधळी होतेय, पाया पडतो, तिला घरी जा म्हणून सांगा. लोकांनी नीट ऐकून घेतलं. अँटेनाच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

"काका, तुमचं दुःख कळतं," तो म्हणाला. "पण आजारामुळे दिसतं, म्हणजे ते तिथं नाही, असं कसं? कदाचित आजारातूनच ते वाट काढत असतील."

मागून कुणी तरी म्हणालं की डोळ्यांचं औषध मुद्दामच तसलं बनवतात. सगळ्यांच्या माना हलल्या. चष्मेवाल्यानं थर्मास उचलला आणि तो कठड्यापाशी जाऊन उभा राहिला.

व्हायचं ते एका ढगाळ संध्याकाळी झालं. जिन्यातच ती कपाळ धरून खाली बसली, भडाभडा उलटी झाली. डोळे लालभडक, बोट लावलं तर दगडासारखे घट्ट. डॉक्टरीणबाईंनी रात्रभर झटून जे वाचवायचं ते वाचवलं. "उजेड कुठून येतो एवढं कळेल," त्या म्हणाल्या. त्याच्यावर त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

गच्चीवरची माणसं फळं घेऊन भेटायला आली. अँटेनानं चॅनलवर सांगितलं, ताईंनी पाहुण्यांसाठी डोळे दिले. ते इतकं पसरलं की परगावचे लोक यायला लागले. कानात गुणगुणणाऱ्या बाईंना आपली जागा सोडावी लागली. हातांची खुर्ची पुन्हा मधोमध आली, आता कायमची.

आता ती जिना चढते त्याच्या दंडाला धरून. तो कठड्यापाशी थांबत नाही, खुर्चीच्या शेजारी उभा राहतो. माणसं माना वर करून बसतात. मग ती हळूच त्याची बाही ओढते आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारते, "अहो, कुठं आहे?"

पहिल्या संध्याकाळी तो बोललाच नाही. तिनं परत बाही ओढली. आंधळ्या बाईचा चेहरा वर उचललेला, ओठ थोडेसे उघडे, आणि मागे ती सगळी माणसं वाट बघत बसलेली. आता तिच्याकडे उरलं होतं ते एवढंच, आणि तेही तोच तिला देऊ शकत होता.

टॉवरच्या डावीकडून रोजचं विमान उतरायला येत होतं. साधा पांढरा दिवा.

"डावीकडे," तो कानाशी वाकून म्हणाला. "टॉवरच्या थोडं खाली. आपल्याकडे येतंय."

तिनं बोट उचललं. बोट थोडं चुकलं होतं, म्हणून त्यानं कोपराला हात लावून ते नीट केलं.

"आलं," ती म्हणाली. "आत निळं, मग हिरवं, पिवळं, आणि बाहेरून तांबडं."

लोक गप्प झाले. चष्मेवाल्यानं थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि पुढचं विमान शोधायला मान वर केली.