गोड बोलणं

सुताराच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढल्यापासून बायको त्याच्याशी गोड बोलू लागली होती, आणि तेच त्या बिचाऱ्याला खात होतं. जिच्या जिभेला जन्मभर धार, ती आता "अहो, जरा पडता का?" असं विचारायची. त्यानं दूध उतू घालवलं तरी हूं की चूं नाही. गोड बोलतात ते पाहुण्यांशी, आणि पाहुणा म्हटला की तो जाणारच, एवढं सुताराला कळत होतं.

म्हणून ती बहिणीकडे गेलेली पाहून त्यानं दुरुस्तीला आलेलं कपाट एकट्यानं हलवलं आणि दिवसभर रंधा मारला. अंग असं आंबलं की जिना चढवेना, पण गडी खूश होता. दुसऱ्या दिवशी नेमकी ठरलेली रक्ततपासणी होती.

रिपोर्ट बघताना डॉक्टरबाई सावध झाल्या. "लिव्हरचे दोन आकडे चढलेत. हा कॅन्सर पसरला तर बहुतेकदा तिथेच जातो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. मधे काही वेगळं औषध? दारू? जड काम?"

सुतार छताकडे बघू लागला. खरं सांगितलं तर बायको रंध्याला पुन्हा हात लावू देणार नाही. पण शेजारी बसलेली ती पदराचं टोक पिळत होती, आणि ते त्याला बघवेना.

"कपाट हलवलं," तो पुटपुटला. "एकट्यानं. मग दिवसभर रंधा."

"स्नायूंवर ताण पडला तरी हे आकडे चढतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण नुसत्या रक्तावर भरवसा ठेवायचा नाही. स्कॅन करू, आणि विश्रांतीनंतर रक्त पुन्हा तपासू."

ते दिवस दोघांनी जीव मुठीत धरून काढले. कपाटाबद्दल बायको चकार शब्द बोलली नाही. उलट आणखीच गोड झाली, आणि सुताराची धास्ती वाढली.

स्कॅन स्वच्छ आला. आकडेही उतरले. बायको डॉक्टरबाईंसमोरच ढसाढसा रडली, मग डोळे पुसून बाहेर पडली आणि जिन्यात गर्रकन वळली.

"कपाट हलवायला गेलात? डोकं ठिकाणावर आहे का? इकडे माझा जीव टांगणीला, आणि तुम्हाला पैलवानकी सुचते? लाज कशी वाटत नाही!"

येणारे-जाणारे थबकले. ती ओशाळून गप्प झाली.

सुताराचे डोळे भरून आले होते. कठड्याला धरून तो म्हणाला, "थांबलीस का? बोल ना."