चार कोपऱ्यांची हळद

छापखान्यातून लग्नपत्रिका आल्या त्या सकाळी कस्तुराबाईच्या हातून एक चूक झाली, आणि ती तिच्या ध्यानात आली तेव्हा पत्रिका मानोऱ्याच्या वाटेला लागली होती.

मजकुरात काही चुकलं नव्हतं. तिचा नवरा नानाजी, कचेरीतला कारकून, त्यानं तो दोनदा तपासला होता. वर 'नमो बुद्धाय', गणपती नाही, 'श्री' नाही. धम्म घेतल्याला अठरा वर्षं झाली होती. पहिली पत्रिका मानोऱ्याच्या व्याह्यांना, तीही हातोहात, म्हणून तिचा दीर शेषराव सकाळच्या एसटीनं निघाला. त्याच्या पिशवीत ती घालण्याआधी कस्तुराबाईनं मिसळणीच्या डब्यातल्या हळदीत बोट बुडवलं आणि चारी कोपऱ्यांना लावलं. तिची माय लावायची तसं.

दुपारी गंगूनं, जिचं लग्न होतं तिनं, आईचं पिवळं बोट पाहिलं.

"माय, पत्रिकेले हळद लावली तुनं?"

"एकीलेच."

"कोनाच्या?"

कस्तुराबाईनं बोट पदरात लपवलं. मुलाचे वडील जगदेवराव शाळामास्तर. साखरपुड्यात कुणी ओटीला नारळ आणला, तर त्यांनी तो चटणीसाठी चुलीकडे धाडला होता. "ज्या घरानं जुनं सोडलं नाही, त्या घरची पोरगी आमाले नको," असं चारचौघांत सांगितलं होतं.

"बाबाले येऊ दे," गंगू म्हणाली.

"तुहा बाप येईलोक मास्तर शाळेतून घरी पोचतीन."

लग्नाआधी मुलीच्या आईनं न बोलावता व्याह्यांच्या दारी जायचं नसतं. कस्तुराबाईनं एक स्वच्छ पत्रिका पदराखाली घेतली आणि एसटी गाठली. जागा असून बसली नाही. वाटेतल्या मंगरूळपर्यंत दांडी धरून उभी.

"मावशी, उभं राह्यल्यानं गाडी लवकर नाही पोचत," कंडक्टर म्हणाला. ती बसली, आणि पुढच्या थांब्याला पुन्हा उठली.

दार मुलाच्या आईनं, रामीबाईनं उघडलं. तिचा चेहरा उतरलेला होता.

"जयभीम, इहीणबाई. या आत." तिनं तांदळाच्या डब्यात हात घालून पत्रिका काढली. चारी कोपरे लालभडक.

"म्या तं हळद लावली होती," कस्तुराबाई पुटपुटली.

"साबनाच्या पान्यानं पुसाले गेली मी, तं पिवळ्याचं लाल झालं. हळदीचं कुंकू करून ठेवलं म्या. कोपरे कापले असते, पन कोपरा कापलेलं पत्र मयतीचं. मंग डब्यात दाबली."

"मास्तरानं पाह्यली?"

"अजून नाही."

कस्तुराबाईनं पदराखालची पत्रिका पुढे केली, तोच बाहेर सायकल भिंतीला टेकली. जगदेवराव आत आले. विहिणीकडे पाहून थबकले, मग तिच्या हाताकडे पाहिलं.

"शेषराव शाळेत भेटून गेले. घरी पत्रिका देली म्हने. मंग हे कोनती?"

रामीबाईनं लाल पत्रिका पाठीमागे धरली. "तेच ते," असं ती म्हणणार होती, ओठ हललेही. ही बाई माझ्यापायी खोटं बोलेल, कस्तुराबाईला वाटलं, आणि माझी गंगू जन्मभर त्या खोट्यावर नांदेल.

"हे दुसरी हाये," ती म्हणाली. "पयलीले म्या हळद लावली. बोट आपसूक गेलं."

जगदेवरावांनी बायकोच्या हातातून ती ओढून घेतली आणि उजेडात धरली.

"हे हळद?"

"साबन म्या लावला," रामीबाई म्हणाली.

त्यांनी एका कोपऱ्यावर नख घासून पाहिलं. कस्तुराबाईच्या पायाचा अंगठा जमीन टोकरत होता.

"अमावशेले चोरून उंबऱ्यावर पानी कोन टाकते, हे मले मालूम नाही असं वाटते हिले," ते शेवटी म्हणाले. रामीबाईनं मान खाली घातली. त्यांनी स्वच्छ पत्रिका बाबासाहेबांच्या तसबिरीशी उभी केली. लाल पत्रिका बायकोला परत दिली. "हे राहू दे तुह्या डब्यात. अन् इहीणबाईले वाढ."

"म्हंजे लगन..." कस्तुराबाई म्हणाली.

"तारीख छापली हाये ना?"

रामीबाईनं तिला मोरीवर नेलं, तांब्या दिला, साबणाची वडी पुढे केली. कस्तुराबाईनं आपलं पिवळं बोट पाहिलं आणि हात नुसत्या पाण्यानं धुतले.