लाठ्यायची घोडी

माह्या घोडीले चार पाय होते अन् चारही लाठ्याच होत्या. हसू नका. ज्याले बसता येत नाही त्यानं उभ्यानंच काम करा लागते, अन् उभ्यानं टाइप करता येईन असं टेबल नागपुरात कोण विकून राहिलं?

मी रुपराव. आधी लोकायची घरं खाली करून द्यायचो. मनोहररावानं घरमालकाकडून काम घ्यायचं अन् मी लाठी घेऊन भाडेकरूच्या दारात उभं राहायचं, असा आमचा धंदा होता. एक दिवस इतवारीत एका भाडेकरूनं माडीवरून दगडाचा पाटा ढकलला, तो थेट माह्या कंबरेत बसला. मेडिकल कॉलेजच्या डाक्टरनं सांगितलं, उभे राहा नाहीतर लेटून राहा, बसायचं नाव काढू नका. मनोहरराव पाहाले आला नाही. लेकाच्यानं एक संत्रंसुद्धा धाडलं नाही.

वरून पोलिसांनी त्या मारामारीपायी माह्याकडून चांगल्या वागणुकीचा बाँड लिहून घेतला. पुन्हा कोणावर हात उचलला की सीधा जेलात.

मग काय करता? सदरमध्ये जाऊन मी मराठी टायपिंग शिकलो, उभ्यानंच. बाकीचे पोट्टे खिदळायचे. जयवंतानं, म्हणजे माह्या बायकोनं, पाटल्या मोडून एक जुनं मशीन आणलं. मशीन ठेवायची घोडी बनवायले लकडगंजातून सुतार बोलावला. मी घरी आलो तं तो माह्या लाठ्या छातीइतक्या कापून मोकळा झाला होता! तेल पाजून पाजून काळ्या झालेल्या लाठ्या, खाली लोखंडी शेंबी असलेल्या. मी घर डोक्यावर घेतलं.

जयवंता म्हणे, "लाठ्या तुमच्याच हायेत जी. कुठी गेल्या? वरचा नट हातानं फिरवला की पाय निघते. घडी करा, जेवताना भिंतीले टेकवा, पाहिजे तिथं न्या. पण मशीन वर असताना लाठी काढसान तं मशीन खाली पडन. लाठीले हात घालायचा असन तं आधी भाकर खाली ठेवा लागन."

अशी डोक्याची बाई. मी दोन दिवस त्या घोडीले हात लावला नाही. मग त्याच घोडीपुढं उभं राहून कमवायले लागलो.

कामाची कमी नव्हती. मनोहररावानं ज्यायले घराबाहेर काढलं, ते सगळे अर्ज टाइप करायले माह्याकडेच यायचे. मलेच तं माहीत होतं ना, तो कसा काढते ते!

एक दिवस दुपारी पार्वतीबाई उंबरठ्यावर बसून सांगून राहिली होती अन् मी टाइप करून राहिलो होतो. म्हातारी एकटी राहायची. मनोहररावाच्या पोट्ट्यांनी तिले जिन्यावरून लोटून दिलं होतं. पायाले पलस्तर, बाजूले कुबडी. तेवढ्यात मनोहरराव आला, संगं दोन पोट्टे. एकाच्या हातात लोखंडी सळाक.

"काय बे रुप्या, उभ्या उभ्या काय बोटं नाचवून राहिला? फाड तो कागद."

"नाही फाडत," मी म्हटलं.

त्यानं फाडकन थोबाडात हाणली. "मार ना मले. मार! काहून नाही मारत?"

बाँडाचं त्याले पक्कं ठाऊक होतं. मी हात उचलावा हेच त्याले पाहिजे होतं. मी दोन्ही हात मशीनवर दाबून धरले, कागदावर भलतीच अक्षरं उमटली. दुसरी कानावर बसली. कान सुन्न झाला, ओठातलं रक्त अर्जावर पडलं. मग त्यानं लाथ घातली, नेमकी कंबरेत. माह्या डोळ्यापुढं अंधारी आली, पण मी घोडी धरून उभा राहिलो. पडलो असतो तं उठलो नसतो.

पार्वतीबाई ओरडली, "मुडद्या, अपंग माणसाले मारतं?" तं एका पोट्ट्यानं तिले केस धरून कुबडीसकट अंगणात फरफटत नेलं. पलस्तराचा पाय उंबरठ्यावर आपटला. तशी किंकाळी मी जन्मात ऐकली नव्हती.

नट माह्या बोटापाशीच होता. एक पिळा, बस. पण वर मशीन होतं. मी मनातल्या मनात जयवंताले अशी शिवी दिली की काय सांगू.

दुसऱ्या पोट्ट्यानं मशीनवर सळाक उगारली. जयवंता चुलीपासून धावत आली अन् मशीनवर आडवी पडली. सळाक तिच्या उजव्या मनगटावर बसली. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज आला.

ती रडली नाही. डाव्या हातानं तिनं मशीन छातीशी ओढलं, उचललं, अन् भिंतीले पाठ लावून उभी राहिली. मोडला हात लटकून राहिला होता.

"काढा आता," ती म्हणे.

"अन् बाँड?" मी विचारलं. खरंच विचारलं!

"मले माहीत हाये. काढा म्हटलं ना!"

मी नट फिरवला. पहिल्या लाठीत सळाकवाल्याचा गुडघा फोडला. दुसरा अंगणातून धावत आला, त्याचं खांद्याचं हाड खाली उतरवलं. मनोहरराव पळाला, पण पार्वतीबाईनं पडल्या पडल्या कुबडी आडवी केली अन् तो तोंडावर आपटला. मग मी होतो अन् तो होता. जबडा, बरगड्या, हाताची बोटं. मले बरं वाटून राहिलं होतं, खोटं काहून बोलू?

"पुरे," जयवंता म्हणे. मी थांबलो. नाहीतर त्या दिवशी तो मेलाच असता.

दीड वर्षाची सजा झाली मले. लाठी पुरावा म्हणून कोर्टात जमा झाली. जेलात सगळे बसायचे अन् मी उभा. रोज एकच घोर होता, ती मोडल्या हातानं खात काय असन? भेटीले आली की म्हणे, "पोट भरते माह्यं. तुम्ही आपली कंबर सांभाळा." 

सुटून गल्लीत शिरलो तं घरातून आवाज येऊन राहिला होता. टक. मग थांबून टक. दारातून पाहिलं. घोडी उभी होती, तीन पाय लाठ्यायचे अन् चौथा पार्वतीबाईची कुबडी. जयवंता घोडीपुढं उभी होती, डाव्या हातानं एकएक बटन दाबत. उजवं मनगट वाकडंच जुळलं होतं, बोटं मिटत नव्हती.

"या," मान वर न करता ती म्हणे, "ओळ पुरी होऊ द्या."

ओळ पुरी झाली. मग ती अर्धं पाऊल डावीकडं सरकली. "उजवीकडची बटनं मले लवकर सापडत नाहीत. उभे राहा इथं."

मी तिच्या बाजूले उभा राहिलो. ते मनगट अगदी माह्या डोळ्यासमोर होतं. मले असं रडू फुटलं की आवरेच ना.

"कागद भिजवू नका," जयवंता म्हणे, "अर्जवाली बाई संध्याकाळी न्याले येणार हाये."